घारापुरी : राजधानी होती म्हणतात, मग शहर गेलं कुठे?

मोरेकर

माझं आजोळ मोऱ्याचं, म्हणजे उरणच्या मोरा बंदराचं. दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडायचो आणि निम्म्या वाटेत डाव्या हाताला दोन डोंगरांचं हिरवं बेट यायचं. मुंबईकरांसाठी ते एलिफंटा. आजीसाठी ते महाशिवरात्रीचं बेट. वर्षातून एकदा शेजारणींबरोबर होडी करून निघायचं, राजबंदरला उतरायचं, मागच्या वाटेनं डोंगर चढून लेण्यात जायचं, पिंडीवर पाणी घालायचं आणि पाणी उतरायच्या आत परत. सदाशिवाची ती तीन तोंडं बघायला परदेशातून माणसं येतात याचं तिला हसू यायचं. म्हणायची, पिंड सोडून भिंतीला कसला नमस्कार करतात?

गेल्या महिन्यात मी ठरवून लेणी न बघता बेट बघून आलो. मामेभावाच्या ओळखीच्या होडीनं मोऱ्याहूनच गेलो. ज्यांनी फक्त गेटवेची लाँच केली आहे त्यांच्यासाठी: बेटावर तीन वाड्या आहेत. पर्यटक उतरतात ते शेतबंदर. दक्षिणेला राजबंदर. आणि पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी, न्हावा-शेव्याच्या क्रेनकडे तोंड करून बसलेलं मोराबंदर, आमच्या उरणच्या मोऱ्याहून वेगळं. तिथे फार कोणी जात नाही. तिन्ही वाड्या मिळून वस्ती हजार-बाराशे असेल. बेट जेमतेम अडीच किलोमीटर लांब, एका सकाळी तिन्ही पालथ्या घालता येतात.

मोराबंदरच्या बाजूला मला दिसल्या त्या विटा. डोंगराच्या कुशीत विटांच्या स्तूपाचा ढिगारा आहे हे वाचलं होतं, पण खाली किनाऱ्यालगत मातीच्या कडेतून विटांची ओळ डोकावत असेल असं वाटलं नव्हतं. चांगल्या जाड, हल्लीच्या विटेपेक्षा कितीतरी मोठ्या. खाली सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली, चिखलात तांबडी खापरं. बाजूला एक बाई चिखलातून निवटे धरत होत्या. म्हटलं, मावशी, या विटा कसल्या? त्या वर न बघताच म्हणाल्या, “जुन्या हायेत.” संपलं.

तर धाग्याचा प्रश्न. या बेटाला ‘पुरी’ म्हणायचे, ती कोकणातल्या मौर्यांची आणि पुढे शिलाहार राजांची राजधानी होती, असं सगळीकडे छापलेलं असतं. राजधानी म्हटल्यावर वाडे, बाजार, तटबंदी, काहीतरी उरायला हवं. उरलीत डोंगरात कोरलेली देवळं. राहणारी माणसं कुठे राहत होती? आणि आजचं गाव त्याच माणसांचं आहे की मधे बेट ओस पडून पुन्हा वसलं?

चक्रम_चाकरमानी

एखादं खापर आणलंस की नाही?

मोरेकर

नाही आणलं, आणि कोणी आणूही नये. ते जिथे पडलंय तिथेच त्याला किंमत आहे. माझ्या कपाटात ते फुटकं मडकं.

नाणेवेडा

विषय आवडीचा आहे, पण ‘राजधानी होती’ हे आधी जरा तासून घेऊ.

‘पुरी’चा सगळ्यात गाजलेला उल्लेख ऐहोळेच्या शिलालेखातला. शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४. रविकीर्तीनं दुसऱ्या पुलकेशीचं गुणगान केलंय. कोकणातल्या मौर्यांना पुलकेशीच्या सैन्यानं धुऊन काढलं आणि मग ‘अपरजलधेर्लक्ष्मी’, म्हणजे पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरीवर शेकडो नावांनी चाल केली. त्या नावांना कवीनं उपमा दिलीय ‘मदगजघटाकार’, माजलेल्या हत्तींच्या कळपासारख्या. हत्तीच्या नावानं जगभर ओळखल्या जाणाऱ्या बेटाच्या बाबतीत हा योगायोग मला फार आवडतो. योगायोगच आहे, त्यावर कोणी सिद्धांत उभारू नका!

आता अडचण अशी की लेखात नुसतं ‘पुरी’ आहे, ‘घारा’ नाही. काही अभ्यासकांनी ही पुरी म्हणजे मुरूडजवळची राजपुरी मानली आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत उत्तर कोकणाला ‘पुरी-कोकण’ म्हटलंय, त्यात १४०० गावं. एवढ्या मुलखाचा कारभार या टीचभर बेटावरून चालायचा? ठाणं, म्हणजे त्यांचं ‘स्थानक’, तर राजे राहायचे त्या गावाचं नाव म्हणून वारंवार येतं.

दुसऱ्या बाजूनं, घारापुरीवर सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली आहेत. बारीक, कमी किमतीची. चांदीचं नाणं व्यापारी किंवा सैनिक खिशात घालून कुठेही नेतो. तांब्याची मोड मात्र जिथे रोजचा व्यवहार चालतो तिथेच पडते. लेणं कोरणाऱ्या पाथरवटांच्या मजुरीची ती नाणी असावीत असा एक तर्क आहे, आणि मोठं लेणं कलचुरींच्या काळातलं मानायला त्याचा आधार घेतात. मला तो पटतो. म्हणजे माझ्या मते वस्ती होती, पोटापाण्याचा बाजार होता. राजधानीबद्दल मात्र हात आखडता.

खाजण

नाणेवेडाशी निम्मा सहमत. ‘टीचभर बेटावरून १४०० गावं कशी चालतील’ हा प्रश्न जमिनीवरच्या माणसाचा आहे. बंदराचं पोट जमिनीवर नसतंच. जकात, गोडं पाणी, वाऱ्यापासून आडोसा आणि दोन-चार खाड्यांच्या तोंडावर नजर, एवढं हाती असलं की झालं. पनवेलची खाडी, ठाण्याची खाडी, करंजाची खाडी या तिघींच्या वाटेत हे बेट बसलंय. वरच्या बाजूला जाणारं प्रत्येक गलबत याच्या डोळ्यासमोरून जाणार.

मोरेकरांनी पाहिलेल्या खापरांबद्दल: मोराबंदर, राजबंदर आणि शेतबंदर या भागांत रोमन अँफोरांचे तुकडे सापडल्याची नोंद आहे. भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल भरून यायचे ते दोन कानांचे उंच रांजण. क्षत्रपांची नाणीही मिळाली आहेत. म्हणजे लेणं कोरायच्या कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, इथे परदेशी माल उतरत होता. स्तूप त्याच जुन्या वस्तीच्या सोबतचा. माझा अंदाज, जुनं गाव मोराबंदरला. पूर्वेची बाजू, समोर मुख्य भूमी, पावसाळी वाऱ्याला पाठ.

आणि शहर गेलं कुठे याचं अर्धं उत्तर तुम्ही ज्यात उभे होतात त्यातच आहे. चिखलात. या तिन्ही खाड्या शतकानुशतकं गाळ आणून ओततायत. शेतबंदरचा धक्का एवढा लांब का, की त्यावर पर्यटकांना न्यायला झुकझुक गाडी ठेवावी लागते? किनाऱ्याजवळ पाणीच नाही म्हणून. जिथे पूर्वी गलबत लागत असेल तिथे आता तिवरं आहेत.

चक्रम_चाकरमानी

आणि तो हत्ती? राणीच्या बागेत आहे तोच ना?

मोरेकर

तोच. मूळ जागा राजबंदरच्या उताराजवळ. पोर्तुगीज तिथे उतरले, समोर दगडी हत्ती दिसला, बेटाचं नाव पडलं एलिफंटा. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला तर क्रेन मोडली आणि हत्ती खाली पडून फुटला. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवले. आता तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. नीट पाहिलंत तर जोड दिसतात.

बेटावर एक दगडी घोडाही होता, जुन्या प्रवाशांनी तो पाहिलाय. त्याचा मागमूस नाही.

नाणेवेडा

हत्तीपेक्षा मला हळहळ वाटते ती शिलालेखाची. लेण्याच्या दारावर एक कोरीव लेख असलेला दगड होता. पोर्तुगीजांनी तो काढला, वाचणारा कोणी सापडेना म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. दगड तिकडे गडप झाला. आपला हा सगळा वाद त्या एका दगडानं पाच मिनिटांत मिटवला असता. लेणं कोणी कोरलं, बेटाला काय म्हणत, राजा कोण.

सलग वस्तीच्या प्रश्नावर: मधली साखळी तुटक आहे, पण सगळीच रिकामी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवानं शेवटच्या शिलाहाराला, सोमेश्वराला, समुद्रावर गाठलं. सोमेश्वर बुडाला. हेमाद्रीनं लिहिलंय की महादेवाच्या रागाच्या आगीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर गलबतांची लढाई कोरली आहे, ती हीच असं मानणारे बरेच आहेत. त्यानंतर पुरीचं नाव राजकारणातून पुसलं जातं. पुढे गुजरातचे सुलतान, मग १५३४ च्या वसईच्या तहानं पोर्तुगीज. जुआंव द कॅश्ट्रू १५३८ मध्ये लेणं पाहून गेला.

मोरेकर

यातला माझ्या जिव्हाळ्याचा तुकडा पुढचा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहात मराठ्यांनी साष्टी आणि आणखी तीन बेटं इंग्रजांकडे राहू दिली: कारंजा, एलिफंटा आणि हॉग आयलंड. कारंजा म्हणजे आमचं उरण. माझं आजोळ आणि समोरचं बेट एकाच कलमात सुटलं. आजीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, मग होडीचं भाडं कमी झालं का?

राजबंदरची_लेक

दोन दिवस वाचतेय. आज लिहितेच. माझा जन्म राजबंदरचा, लग्नानंतर नेरूळला आले. माहेर अजून तिथेच.

आधी एक सांगते, राग मानू नका. तुम्ही सगळे मिळून आमच्या अंगणात शहर शोधताय. आम्ही तिथे राहून हंडा शोधत होतो. बेटावर पाऊस भरपूर पडतो, आणि तो तेवढ्याच घाईनं समुद्रात जातो. डोंगर उभे, माती पातळ. विहिरी आहेत, बंधारा आहे, तरी मार्च उलटला की पाण्याचे हाल सुरू. लेण्याच्या आवारात दगडात खोदलेली टाकी बघितलीत ना? लोक त्यात डोकावून ‘किती गार’ म्हणतात आणि पुढे जातात. मी लहानपणी विचार करायचे, एवढे मोठे राजे, मूर्ती कोरता कोरता पाण्याची टाकी का खोदत बसले असतील? मोठी झाल्यावर कळलं. राहायचं म्हटलं तर मूर्तीच्या आधी टाकी लागते. खाजणदादा, तुम्ही वारा आणि जकात मोजलीत, गोडं पाणी नुसतं एका शब्दात उरकलंत.

दुसरं, लाइट. बेटावर संध्याकाळी जनरेटर लागायचा, तीन-साडेतीन तास. साधारण सात ते साडेदहा. अभ्यास, टीव्ही, मिक्सर, मोबाइल चार्जिंग सगळं त्यातच. मिक्सरसाठी आईचा आणि मालिकेसाठी आत्याचा रोजचा वाद, कारण दोन्ही एकदम लावलं की दिवा मलूल व्हायचा. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ ला. मी त्या आठवड्यात माहेरी होते. रात्री अकरा वाजता आत्या उगाचच उठून बटण लावायची, बंद करायची, पुन्हा लावायची. म्हटलं, आत्या, झोप की. तर म्हणाली, “घरान लायट हाय न मी झोपू?”

समोर मुंबई आयुष्यभर लखलखत होती, ते वेगळंच.

खाजण

ताई, टाक्यांची चूक कबूल. आणि मुद्दा माझ्या बाजूचाच आहे हे आता ध्यानात आलं. पाण्याची सोय दगडात केली म्हणजे बारमाही माणसं राहत होती.

नाणेवेडा

विजेवरून आठवलं. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तेव्हा मोठ्या लेण्यात मेजवानी झाली होती, सगळं लेणं उजळलं होतं. त्याच डोंगराखालच्या घरांत रात्रभर दिवा यायला पुढे १४३ वर्षं लागली.

राजबंदरची_लेक

हे मला माहीत नव्हतं. आत्याला सांगू नका कोणी.

आता मोरेकरांचा प्रश्न, आजचं गाव त्याच माणसांचं का. आमच्याकडे कोणी राजाचं नाव सांगत नाही. आम्ही आगरी-कोळी, बोली उरण-पनवेलची, सोयरिका मोरा, न्हावा, उरण या बाजूच्या. घरातली म्हातारी माणसं पिढ्या मोजायला लागली की पणजोबांपाशी थांबतात. मला वाटतं गाव एकदा वसलं आणि टिकलं असं झालंच नसेल. मासळी असली की माणसं राहिली, पाणी आटलं किंवा कोणी त्रास दिला की होडीत बसून समोर गेली, पुन्हा आली. मी तरी काय केलं? नेरूळला गेले. सणाला येते.

नावावरूनही भांडू नका. शेतबंदर हे शेताचं, शेठचं नाही. खाली भाताची खाचरं होती, वडील सांगायचे. आता तिथे दुकानं आहेत. मासळीचं म्हणाल तर बाजूला जवाहर द्वीपची तेलाची टर्मिनल, समोर जेएनपीटी, जहाजांची वर्दळ. डोल, म्हणजे मोठं जाळं, लावायची कुठे? भाऊ पूर्वी मचव्यावर जायचा, आता शेतबंदरला टोप्या आणि काकड्या विकतो. सोमवारी लेणी बंद, त्या दिवशी गाव आमचं असतं. कपडे, दुरुस्त्या, भांडणं सगळी सोमवारी.

अर्नाळ्याचा_वारा

वेगळ्या बेटाचा, पण हेच रडगाणं. आमच्या अर्नाळ्याच्या बेटावरही लोक किल्ला बघायला येतात. दारावर बाजीरावाचं नाव कोरलेला लेख आहे, त्याचा फोटो काढतात आणि पहिल्या होडीनं परत. तटाच्या बाहेर कोळ्यांचं अख्खं गाव आहे, समुद्र दर पावसाळ्यात त्याचा किनारा खातो, ते कोणाच्या फोटोत येत नाही. आमच्यात आणि तुमच्यात फरक एवढाच की आमच्याकडे गोड्या पाण्याच्या विहिरी किल्ल्यात आहेत. म्हणूनच तर किल्ला तिथे बांधला असणार. ताईंचा टाकीचा मुद्दा पक्का.

चक्रम_चाकरमानी

म्हणजे शेवटी ठरलं काय? राजधानी होती की नव्हती?

नाणेवेडा

माझं मत देतो, धाग्याचा निकाल नव्हे. रोमन रांजणांच्या काळी पूर्वेच्या बाजूला बंदर आणि बौद्ध वस्ती. सहाव्या शतकात लेण्याच्या कामानं शेकडो पोटं इथे जगली. शिलाहारांची पुरी घारापुरी असू शकते, पण मी पैज लावणार नाही. घारापुरी या नावाची फोडही नक्की नाही, कोणी अग्रहारपुरी म्हणतं, कोणी देवळाच्या पुजाऱ्यांशी नातं लावतं.

मोरेकर, तुमच्याकडून एक हवंय. मोराबंदरच्या त्या विटांची लांबी-रुंदी मोजलीत का? जुन्या काळच्या विटा मोठ्या असतात, आणि मापावरून काळाचा थोडाफार अंदाज बांधता येतो. सातवाहन काळातली वीट आणि पोर्तुगीज काळातली वीट हातात घेतली की आंधळाही सांगेल.

मोरेकर

मोजली नाही. फुटपट्टी नव्हती. वितेनं मापली, लांबी वीत आणि वर चार बोटं मातीबाहेर दिसत होती, पण तिचं दुसरं टोक आत गाडलेलं. उकरायची इच्छा होती, उकरलं नाही. म्हणजे खरी लांबी त्याहून जास्तच.

नाणेवेडा

तुमची वीत केवढी?

मोरेकर

आता मोजली. नऊ इंच.

नाणेवेडा

म्हणजे बाराएक इंच नुसते बाहेर. पोर्तुगीज नक्कीच नाही. जाडी बघा पुढच्या खेपेला, जाडी महत्त्वाची. हात न लावता.

राजबंदरची_लेक

मोजमापाचा टेप माझ्या भावाकडे आहे, शेतबंदरला धक्क्यावरून वर येताना डावीकडची टोप्यांची गाडी, कोणालाही विचारा. पण सोमवारी या, इतर दिवशी तो गिऱ्हाईक सोडून हलणार नाही. आणि मोऱ्याहून येणार असाल तर भरतीवर निघा. गेल्या वेळी सुकतीला उतरलात ते कळतंय, विटांपेक्षा चिखलाचं वर्णन जास्त केलंय तुम्ही.